ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम: सगळा, सलग, क्रमाने

लालबागकरीण

२०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमन आणि कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स यांनी मिळून तिचं 'फास्ट कार' गायलं आणि ते गाणं पुन्हा सगळीकडे वाजायला लागलं. भाचरांच्या रील्समध्ये आहे, ऑफिसखालच्या कॅफेत आहे, परवा तर रिक्षात ऐकलं. फार बरं वाटतं. पण ज्यांना ते आवडलंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या एका गाण्यावर थांबू नका. ज्या अल्बममधलं ते आहे तो पूर्ण ऐका. १९८८ चा अल्बम, नाव नुसतं 'ट्रेसी चॅपमन'. अकरा गाणी, छत्तीस मिनिटं. दादरहून स्लो लोकलने बोरिवलीला पोचेपर्यंत आरामात संपतो. फक्त क्रम बदलू नका.

कॉलेजात असताना हा अल्बम आमच्या घरी कॅसेटवर होता. थोरल्या भावाने काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमधून आणलेली कॅसेट. कव्हरवर मान खाली घातलेली ट्रेसी, सगळं तपकिरी रंगात. पुढे टेपरेकॉर्डर गेला, कॅसेटी गेल्या, २०१६ मध्ये रिदम हाऊसही बंद झालं आणि आपण सगळेच अॅपवर एकेक सुटं गाणं ऐकायला लागलो. यंदाच्या पावसाळ्यात मी तो पुन्हा सलग ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही.

तेव्हा कानात भरायची ती गिटार आणि तो कोरस. आता ऐकू येतो तो घरखर्च. 'फास्ट कार'मध्ये गाडी कमी आणि पैसाच जास्त आहे. मुलगी सांगते, बाप पितो, त्याच्याच्याने काम होत नाही, आई घर सोडून गेली, बापाकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून मी शाळा सोडली. दुकानात काम करून थोडे पैसे बाजूला टाकलेत. मग दोघं शहरात येतात, तिला दुकानात गल्ल्यावर नोकरी लागते, त्याला काम मिळत नाही. पुढे बढती मिळेल, मोठं घर घेऊ, असं ती म्हणत राहते. आणि शेवटच्या कडव्यात काय? नोकरी तिची, बिलं ती भरते, आणि तो उशिरापर्यंत बारमध्ये. मुलांपेक्षा मित्रांनाच जास्त भेटतो. म्हणजे ज्या बापापासून ती निघाली होती तोच माणूस पुन्हा तिच्या घरात येऊन बसला. सुरुवातीला दोघांनी मिळून पळायचं असतं. शेवटी ती त्याला सांगते, गाडी घे आणि जा. स्वतः जायचं नावही काढत नाही. मुलं आहेत ना.

लालबाग-परळमध्ये वाढलेल्यांना ही बाई ओळखीची आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी सांगितलंच नाही. आमच्या मजल्यावरच्या एका ताईने नववीत शाळा सोडली आणि दादरला एका दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. वडील घरी, सकाळपासून घेतलेली. पगाराच्या दिवशी ती गॅलरीत कठड्याशी उभी राहून पाकिटातल्या नोटा वेगळ्या करायची. भाड्याच्या, वाण्याच्या, धाकट्याच्या फीच्या. त्यातून एखादी पाचाची उरली तर तिची बारीक घडी घालून ब्लाउजमध्ये खोचायची. ती कशासाठी, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या नोटेचा अर्थ मला या गाण्याने सांगितला.

आणि क्रमाचं म्हणाल तर हे बघा. कॅसेटच्या पहिल्या बाजूला पाच गाणी. 'टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन', 'फास्ट कार', 'अक्रॉस द लाइन्स', 'बिहाइंड द वॉल', 'बेबी कॅन आय होल्ड यू'. पहिल्यात बेकारांच्या रांगा, दुसऱ्यात ही मुलगी, तिसऱ्यात दंगल. चौथ्यात एकही वाद्य नाही, नुसता आवाज. रात्री भिंतीपलीकडे बाईला मारहाण होतेय आणि शेजारी ऐकतोय. आणि ते संपतं न संपतं तोच पाचवं, हळुवार गिटार. 'बेबी कॅन आय होल्ड यू' सुटं ऐकलं तर गोड प्रेमगीत. बॉयझोन या आयरिश बँडने १९९७ मध्ये गायलं तेव्हा ते गोडच होतं. पण चौथ्याच्या पाठोपाठ ऐका. ज्याच्या तोंडून 'सॉरी' निघत नाही अशा माणसाबद्दलचं गाणं आहे ते. भिंतीपलीकडच्या त्या किंकाळीनंतर ते आलं की माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या कानाला ती दोन्ही गाणी एकाच खोलीतली आहेत. एकेक गाणं वेगळं काढून ऐकलं की हे सगळं हातून निसटतं.

तुम्ही कधी ऐकलात? आता ऐकताना काय वेगळं जाणवतं?

सहा तारा

वाचनखूण साठवली आहे. गिटारबद्दल थोडं लिहितो.

'फास्ट कार' वाजवायला बसलात तर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दुसऱ्या पट्टीवर लावायचा आणि सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी हे कॉर्डचे चार आकार धरायचे. झालं. तोच तुकडा गाणंभर फिरत राहतो. कडव्यात बोटांनी एकेक तार, कोरसला पूर्ण हात तारांवर, आणि तिथेच ड्रम खऱ्या अर्थाने उघडतात. मी शिकवतो तेव्हा मुलं विचारतात, सर, पुढचा भाग कुठला? पुढचा भाग नाहीच. कोरसपुरता वेग येतो, वारा लागतो, आणि कोरस संपला की गिटार निमूट पहिल्या जागेवर. ती मुलगी कुठेच पोचणार नाही हे गिटारने पहिल्या ओळीआधीच सांगून टाकलंय.

आणि साल लक्षात घ्या. १९८८, म्हणजे सिंथेसायझर आणि दणदणीत ड्रमचा जमाना. निर्माता डेव्हिड कर्शनबॉमने मोजकी माणसं बसवली. बास गिटारवर लॅरी क्लाइन, ड्रमवर डेनी फॉन्गहायझर. कुणीही तिच्या आवाजाच्या पुढे येत नाही. म्हणून आज ऐकताना हा अल्बम जुनाट वाटत नाही. त्याच वर्षाचे कितीतरी गाजलेले अल्बम आता दहा मिनिटं ऐकवत नाहीत.

विरार फास्ट

मी कोम्ब्समुळे आलो या गाण्याकडे, आधी खरंच माहीत नव्हतं. लालबागकरीण ताई, तुमचा धागा वाचला आणि काल घरी जाताना पूर्ण अल्बम ऐकला. 'बिहाइंड द वॉल' सुरू झालं तेव्हा इअरफोन बंद पडला की काय म्हणून काढून बघितला. नंतर विरारपर्यंत कुणाशी बोललो नाही.

एक गोष्ट मला आवडलेली सांगतो. कोम्ब्सने ट्रेसीचं गाणं स्वतः गाताना शब्द बदलले नाहीत. स्वतः पुरुष असून तो 'चेकआउट गर्ल' (गल्ल्यावरची मुलगी) असंच म्हणतो. त्याच गाण्याला २०२३ मध्ये कंट्री म्युझिकवाल्यांचं साँग ऑफ द इयर मिळालं, आणि ते गीतकार म्हणून ट्रेसीला मिळालं. पस्तीस वर्षांनी! त्या पुरस्काराच्या इतिहासात तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार.

'माउंटन्स ओ थिंग्ज'बद्दल कुणी लिहाल का? चाल गोड आहे पण ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं.

जुना माटुंगेकर

मी तिला समोर ऐकलं आहे. ३० सप्टेंबर १९८८, नवी दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने 'ह्यूमन राइट्स नाउ' हा जगभर दौरा काढला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रियल, यूसू एनदूर आणि ट्रेसी चॅपमन. आम्ही मित्र मुंबईहून राजधानीने गेलो ते स्प्रिंगस्टीनसाठी, हे उघड आहे. बाकीच्यांचे मोठमोठे ताफे. ही मुलगी एकटी, गळ्यात गिटार. वय चोवीस. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये ती आवाज चढवायच्या फंदात पडली नाही. लोकांनाच आपापल्या गप्पा थांबवाव्या लागल्या.

नवीन मंडळींसाठी त्याआधीची हकिकत. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगातच. ट्रेसी दुपारी एकदा गाऊन गेली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर मंचावर येणार, तेवढ्यात कळलं की त्याच्या सिन्क्लाव्हियरची (संगणकावर चालणाऱ्या कीबोर्डची) हार्ड डिस्कच सापडत नाहीये. तो गेला निघून. रिकामी वेळ भरायला कुणाला पाठवायचं? जिला मांडामांड लागत नाही तिला. ती गिटार घेऊन परत आली आणि तिने 'फास्ट कार' म्हटलं. त्या दिवसानंतर अल्बम कुठल्या कुठे गेला. अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर, आणि पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी. मी कॅसेट घेतली ती दिल्लीहून परत आल्यावर, दुसऱ्याच दिवशी.

मधली खोली

'बिहाइंड द वॉल'वर लिहायला हात थरथरतो, तरी लिहिते.

आम्ही चाळीत राहायचो तेव्हा दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आम्हाला कळायचं, मग बाकीचं न कळायला काय झालं? एका खोलीत महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचंच. ट्रेसीच्या गाण्यात पोलीस येतात, आलेच तर उशिरा, आणि घरगुती मामला आहे म्हणून हात वर करतात. आमच्याकडेही एकदा चौकीवर माणूस पाठवला होता, तिथून हेच उत्तर आलं होतं. १९८३ मध्ये बायकोच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ आलेलं होतं, पण ते चाळीच्या जिन्यापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. घरगुती हिंसाचाराचा वेगळा कायदा तर २००५ चा.

माझी आई मात्र एक करायची. आवाज चढले की रिकामी वाटी घेऊन जायची आणि त्या दाराची कडी वाजवायची. साखर संपलीय, वहिनी, वाटीभर द्या. रात्री साडेअकराला. तो दार उघडायचा, आणि उघडल्यावर हात थांबलेला असायचा. मग समोरच्या काकी जायच्या, चहापत्ती मागायला. त्यानंतर आणखी कुणीतरी. बायकांनी आपसात कधी ठरवलं नव्हतं, पण ज्या रात्री एक गेली त्या रात्री दुसरी जायचीच.

गाण्यातला शेजारी रात्रभर जागा असतो, ऐकतो आणि काही करू शकत नाही. म्हणून मला ते गाणं सहन होत नाही आणि म्हणून सोडवतही नाही. आईला हे गाणं मी मराठीत सांगितलं. ती एवढंच म्हणाली, त्यांच्याकडे वाट्या नव्हत्या का?

सहा तारा

मधली खोली, काय लिहू सुचत नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आरोह

अल्बम मोठा आहे, वाद नाही. पण धाग्यात सगळेच एका सुरात बोलताहेत म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. दुसरी बाजू पहिलीच्या तोडीची नाही. 'शीज गॉट हर तिकीट'चा रेगे ठेका आज वरवरचा वाटतो. 'व्हाय' तर सरळ प्रश्नावली आहे. जगात सगळ्यांना पुरेल एवढं अन्न असताना बाळं उपाशी का मरतात, घरातली बाई घरातच सुरक्षित का नाही. प्रश्न खरे आहेत, पण गाणं म्हणून त्यात काही उलगडत नाही. 'फास्ट कार'मध्ये तिने जगाला एकही प्रश्न विचारला नाही आणि सगळे प्रश्न आपल्याला पडले. ती ताकद 'व्हाय'मध्ये नाही. जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेच्या १९७१ च्या 'ब्लू' अल्बममध्ये असं एकही ढिलं गाणं सापडत नाही.

डफावर थाप

आरोह, रेग्याबद्दल सहमत. 'व्हाय'बद्दल नाही.

आपल्याकडे गाण्यात सरळ प्रश्न विचारायची मोठी परंपरा आहे आणि ती याच गिरणगावात वाढली. शाहीर मंडळी कामगार मैदानावर उभी राहून थेट विचारायची, आणि ते कलेत कमी पडलं असं कुणी म्हटलं नाही. आणि अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आठवा. सुरुवातीला पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याचा विरह. ऐकणारा त्या मैनेत पुरता गुंतला, की छक्कड बेळगाव, कारवार, निपाणीवर येते आणि विरह सगळ्या मराठी मुलखाचा होतो. ट्रेसीचा अल्बम नेमकं हेच करतो, फक्त अकरा गाण्यांत मिळून. 'रेव्होल्यूशन'ने जाहीर सुरुवात, मग माणसं, घरं, भिंती, आणि त्यानंतर 'व्हाय'. तोवर त्या प्रश्नांना चेहरे मिळालेले असतात. घरातली बाई सुरक्षित का नाही, हा प्रश्न 'बिहाइंड द वॉल' ऐकलेल्या माणसाला विचारलेला आहे. लालबागकरीण क्रमाचं म्हणताहेत ते इथेही लागू पडतं.

आरोह

मुद्दा पटण्यासारखा आहे, पण एक मोठा फरक राहतो. शाहिरामागे झीलकरी असतात. तो प्रश्न विचारतो आणि मागून जी जी रं जी उठतं, समोर मैदान भरलेलं असतं, प्रश्नाचं उत्तर जमावात असतं. ट्रेसीमागे झीलकरीच नाही. कॉलेजात असताना ती बॉस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर गायची, येणारे-जाणारे दोन मिनिटं थांबणार आणि जाणार. म्हणून तिचे प्रश्न हवेत राहतात. मला ते ऐकताना एकटेपणा जाणवतो, शाहिरी नाही.

डफावर थाप

झीलकरी नाहीत हे खरं आहे. मी हे असं कधी ऐकलं नव्हतं. पण मग तेच तिचं वेगळेपण धरा ना. एकटीने उभं राहून तोच प्रश्न विचारायला जास्त छाती लागते. 'रेव्होल्यूशन' तिने शाळकरी वयात लिहिलंय. क्लीव्हलँडच्या गरीब घरातली मुलगी, शिष्यवृत्तीवर कनेटिकटच्या निवासी शाळेत गेलेली, आजूबाजूला सगळी पैसेवाल्यांची पोरं. तिथे झील धरणार कोण?

लालबागकरीण

झीलकऱ्यांचं वाचून मी 'व्हाय' परत ऐकलं. आरोह, एकटेपणा आहे, अगदी आहे. पण मला तो उणेपणा वाटत नाही. 'फास्ट कार'मधली बाई एकटी, भिंतीशी जागा असलेला शेजारी एकटा, 'फॉर माय लव्हर'मध्ये प्रेमापायी तुरुंगात जाऊन आलेली एकटी. या अल्बममध्ये कुणालाच कुणाची साथ नाही. मधली खोली यांच्या आईंची वाटी वाचली तेव्हा कळलं की अल्बमभर नेमकं तेच नाहीये.

विरार फास्ट, 'माउंटन्स ओ थिंग्ज'बद्दल. त्यात बोलणारी व्यक्ती श्रीमंतीची स्वप्नं बघतेय. मोठी गाडी, भारी कपडे, वस्तूंचे ढीग, आणि हे सगळं दुसऱ्याच्या घामावर उभं आहे हेही तिला ठाऊक आहे. अस्वस्थ वाटतं कारण ट्रेसी तिला झोडपत नाही. जिला कधी काही मिळालं नाही तिला वस्तू हव्याशा वाटणारच, हे तिला समजतं. मी हे गाणं लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या मॉलमध्ये उभी राहून ऐकलंय. चिमणी तशीच ठेवलेली आहे, खाली दुकानं. तिथे काम करणाऱ्या मुली संध्याकाळी सुटतात तेव्हा स्टेशनच्या पुलावर त्यांच्याकडे बघा. बिलिंग काउंटरवर दिवसभर उभ्या राहिलेल्या. फास्ट कारवाली त्यांच्यातच असणार.

विरार फास्ट

माझं ऑफिस तिथेच आहे. त्या पुलावरून मी रोज जातो. थँक्यू ताई.

पूर्व पश्चिम

'अक्रॉस द लाइन्स'बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. रुळांच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे, एका लहान मुलीवर हल्ला होतो आणि त्यावरून दंगल पेटते. लोक बाजू घ्यायला भाग पडतात आणि दोष शेवटी त्या मुलीवरच येतो. डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ मी मुंबईत होतो. त्यानंतर हे गाणं मी अमेरिकेचं म्हणून ऐकू शकलो नाही. आमच्या स्टेशनला कुठल्या बाजूने उतरायचं हे त्या महिन्यांत घरचे सांगायला लागले होते. याहून जास्त नाही लिहीत.

जुना माटुंगेकर

पूर्व पश्चिम, लिहिलंत ते बरं केलंत.

ज्यांना रेकॉर्डवर ऐकायचंय त्यांच्यासाठी: हा अल्बम २०२५ मध्ये पुन्हा एलपीवर निघाला आहे. पहिल्या बाजूला ती पाच गाणी, दुसऱ्या बाजूला सहा. बाजू पालटायला उठावं लागतं ते 'बेबी कॅन आय होल्ड यू' झाल्यावर. लालबागकरीण म्हणतात त्या दोन गाण्यांनंतर ती उसंत लागतेच. जुनी प्रत चोर बाजारात नशिबाने मिळते, पण रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून चरे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मधली खोली

हा पुरता ऐकून झाल्यावर तिचं पुढचं काय ऐकायचं?

सहा तारा

लगेच पुढचा, 'क्रॉसरोड्स', १९८९. पहिल्याइतका गाजला नाही, पण गिटार तितकीच सच्ची आहे. शेवटचं गाणं 'ऑल दॅट यू हॅव इज युअर सोल' चुकवू नका, त्यात नील यंगने साथ केली आहे. त्यात आईने मुलीला सांगितलेलं आहे, चकचकीत फळाला भुलू नकोस, तुझा आत्मा तेवढा तुझा.

लालबागकरीण

म्हणजे दुसऱ्या अल्बममध्ये आई बोलते! पहिल्यात ती घर सोडून गेलेली आहे आणि लेकीने तिच्याबद्दल एक-दोन ओळींत आटपलंय. सहा तारा, हे मी आजच ऐकते आणि इथे लिहिते. तोवर 'फॉर यू'बद्दल कुणीतरी लिहा. पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं, नुसती गिटार आणि आवाज, आणि अख्ख्या धाग्यात त्याचं नाव अजून आलेलं नाही.